बेनच्या कुत्रीचे कागद

प्लेगची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी सुरतेत रिंग रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे नोकरीला होतो. वय सव्वीस. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले, पण माझा जन्म सुरतेतल्याच लिंबायतचा. वडील उधन्याला कापडाच्या लूमवर होते. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे शेवटी शेवटी त्यांना ऐकूच येत नसे, आई त्यांच्याशी हातवारे करून बोलायची. साथ यायच्या आधी, उन्हाळ्यात ते गेले. बहीण लग्न होऊन शिरपूरला. घरात मी आणि आई, दोघंच.

आमच्या ऑफिसात तिकिटं निघायची, पासपोर्टचे आणि व्हिसाचे अर्ज भरले जायचे. सगळ्यांत माझं इंग्रजी बरं, म्हणून अर्ज माझ्याकडे. मी भरलेला अर्ज परत आला असं सहसा होत नसे, आणि याची मला घमेंड होती. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "याच्याकडे द्या आणि निश्चिंत व्हा." ते वाक्य ऐकायला मला फार आवडायचं.

बेन आमच्याकडे आल्या त्या मुलाच्या सांगण्यावरून. अठवा लाइन्सला राहायच्या, मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. यजमान वारलेले. एकुलता एक मुलगा इंग्लंडात, लेस्टरला. तो म्हणत होता आता एकटी राहू नकोस, कायमची इकडे ये. बेन सडपातळ होत्या, पांढरी साडी नेसायच्या, आणि आपण अजून वर्गात आहोत अशा स्पष्ट, सावकाश गुजरातीत बोलायच्या. त्यांच्या व्हिसाचं काम मी मन लावून केलं. तिकीट हातात दिलं त्या दिवशी त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "भाई, आणि आमच्या कुत्रीचं काय काय करावं लागेल?"

कुत्री आहे हे मला तेव्हा कळलं.

"तीही येणार?"

"मग काय तिला टाकून जाऊ?" बेन म्हणाल्या.

त्याच्या आदल्या वर्षी मी एका कुटुंबाचा पॉमेरियन दुबईला पाठवला होता. गुरांच्या डॉक्टरांचा दाखला, लशीचं कार्ड आणि मापाची पेटी, एवढ्यावर काम झालं होतं. मी एका कागदावर त्याच तीन गोष्टी लिहून बेनना दिल्या. मुंबईला विमान कंपनीच्या ऑफिसात फोन केला, तिथल्या बाईंनीही दाखला आणि लशीचं कार्ड लागेल असंच सांगितलं. इंग्लंडला वेगळं काही लागतं का, एवढाच एक प्रश्न मी विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही, कारण तो मला सुचलाच नाही.

मग महिनाभर बेन आणि मी कुत्रीच्या कागदांमागे होतो. ती काही जातिवंत नव्हती. तपकिरी रंगाची, एक कान मोडलेला, सहाएक वर्षांची. बेनच्या यजमानांनी तिला पावसात गटाराच्या कडेला बघितली आणि पिशवीत घालून घरी आणली. ते गेले त्या दिवसापासून ती त्यांच्या खुर्चीखाली झोपायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, दात बघितले, लस टोचली आणि दाखल्यावर सही करताना विचारलं, "आ देसी कुतरी लंडन जाय छे?" बेन ताठ मानेनं म्हणाल्या, "हा, साहेब." उधन्याच्या एका सुताराकडून मी जाळीची पेटी करून घेतली. बेननी तीत यजमानांची जुनी शाल अंथरली.

निघायच्या दिवशी मारुती व्हॅन केली होती. बेन, त्यांच्या दोन बॅगा, पेटीत कुत्री, आणि मी. मी सोबत जायलाच हवं असं काही नव्हतं. बेनना मुंबईची सवय नव्हती म्हणून मी शेठकडून एक दिवसाची सुट्टी मागून घेतली. भिलाडजवळ गुजरातची हद्द संपते तिथे नाक्यावर ट्रकांची रांग होती. एका पोलिसानं आत डोकावून पेटीकडे बोट केलं. मी तो दाखला त्याच्यापुढे धरला. त्यानं तो न वाचताच हात हलवला. बेन हसून म्हणाल्या, "तुझे कागद पक्के आहेत हं, भाई." मीही हसलो.

विमान रात्रीचं होतं, पण जनावर आधी, दुपारीच मालाच्या विभागात द्यायचं असतं. तिथे खिडकीवर एक मराठी गृहस्थ होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी माझी फाइल चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"परवाना कुठाय?"

"कसला परवाना?"

"इंग्लंडच्या शेती खात्याचा. कुत्रं आत घ्यायचा परवाना. आणि सहा महिने ठेवायच्या जागेची चिठ्ठी."

"सहा महिने?"

"पिसाळण्याचा रोग तिकडे नाही, म्हणून बाहेरून आलेलं प्रत्येक कुत्रं सहा महिने कोंडून ठेवतात. मग घरी देतात." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही एजंट ना? हे न बघता निघालात?"

बेनना मराठी थोडंफार कळायचं, पण इतक्या झरझर बोललेलं नाही. "काय म्हणतात?" त्या मला विचारत होत्या. माझी चूक मलाच गुजरातीत सांगावी लागली.  बेननी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. खिडकीशी जाऊन त्यांनी त्या गृहस्थांना हिंदीत दोन-तीन वेळा विनंती केली, एकदा हातही जोडले. ते गृहस्थ वाईट नव्हते. "माँजी, मी चढवलं तरी तिकडे उतरू देणार नाहीत. परत पाठवतील नाही तर मारून टाकतील," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा बेन मागे सरकल्या.

बाहेर एका झाडाखाली सावली होती. पेटी खाली ठेवून आम्ही तिथे बसलो. तिकीट पुढे ढकलायचं म्हटलं तर अठव्याचं घर भाड्यानं देऊन झालेलं, मुलानं रजा घेतलेली, तो दुसऱ्या दिवशी विमानतळावर वाट बघणार. बेननी जाळीतून बोटं आत घातली होती, कुत्री ती चाटत होती.

"परवाना यायला किती दिवस लागतील?"

"दोन-तीन महिने लागतील, बेन."

"तोवर ठेवशील तुझ्याकडे?"

"ठेवीन."

"मी परवाना पाठवला की आणशील?"

"आणीन. मी स्वतः इथे येऊन विमानात चढवीन."

"सहा महिने तर सहा महिने," बेन म्हणाल्या. "मी दर आठवड्याला भेटायला जाईन तिला." एवढं बोलून त्या उठल्या. पेटीजवळ वाकून तिच्याशी काहीतरी हळू आवाजात बोलल्या, आणि बॅगा घेऊन प्रवाशांच्या दारानं आत गेल्या. वळून बघितलं नाही. व्हॅन परत निघाली तशी कुत्री रडायला लागली, ती वापी येईपर्यंत.

घरी आईनं दार उघडलं. "कथाईन लई उना रे हाई?" कुठून आणलंस हे, म्हणून ती कपाळावर हात मारून उभी राहिली. आई घरात अहिराणीच बोलायची. वडील गेल्यापासून तेही जवळजवळ बंद झालं होतं. मी सकाळी ऑफिसला जायचो तेव्हा ती खाटेवर बसलेली, संध्याकाळी यायचो तेव्हाही तिथेच. दुपारी स्वतःपुरती चूल कशाला पेटवायची म्हणून चहावर दिवस काढायची. मी ओरडायचो, त्याचा उपयोग व्हायचा नाही.

कुत्रीनं पहिले दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी आईनं ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी जमिनीवर बसून राहिली. ती खाईना, तर आई आधी स्वतः एक घास खाऊन दाखवायची. कुत्रीनं आईला असं खायला लावलं. महिन्याभरात आई दुपारी भाकरी-भाजी करायला लागली. संध्याकाळी तिला घेऊन रेल्वेफाटकापर्यंत चालून यायची. गल्लीतल्या बायका हसायच्या, "मावशी, लंडनवाली निघाली का फिरायला?" आईही हसायची.

बेनची पत्रं यायची, निळ्या पातळ कागदावर, सुरेख गुजराती अक्षरात. थंडी फार आहे, सूनबाई चांगली आहे, अर्ज केला आहे, खात्याकडून अमुक एक माहिती मागवली आहे. ती कुठे झोपते? आंघोळीला घाबरते, पाणी कोमट घ्या. मी उत्तरं लिहायचो. दिवाळी झाल्यावर एक जाड पाकीट आलं. आत परवाना होता, कोंडून ठेवण्याच्या जागेची चिठ्ठी होती, तिकडे तिला उतरवून घेणाऱ्या एजंटाचा पत्ता होता. परवान्याला मुदत होती. सोबत बेनचं पत्र: "सगळं तपासून घेतलं आहे. या वेळी काही राहिलेलं नाही. आता तुझं काम."

मी ते काम जीव ओतून केलं. विमान कंपनीला तीनदा फोन करून एकेक कागद लिहून घेतला. पेटीचं माप पुन्हा घेतलं, पाण्याचं भांडं जाळीला बाहेरून अडकवून घेतलं. लशीच्या तारखा जुळवल्या. डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं आणि दाखला दिला, प्रकृती उत्तम, प्रवासास योग्य. मालाच्या विभागातली जागा ठरली. सगळे कागद क्रमानं लावून प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवले. त्यात एकही खोट नव्हती.

आईला मी सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तिनी शे. तिले धाडी दे." तिची आहे, तिला पाठवून दे. आईनं मला कधीही अडवलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे केलं ते माझ्या एकट्याचं होतं.

निघायला दोन दिवस असताना काही कामासाठी मी दुपारी घरी आलो. दार लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज आला, कुणाशी तरी सलग बोलत असल्यासारखा. मी दारातच थांबलो. ती कुत्रीची पाठ चोळत होती आणि तिला वडिलांबद्दल सांगत होती. लग्नानंतर सुरतेला पहिल्यांदा आले तेव्हा स्टेशनवर ते तिला हरवून बसले होते, तासाभरानं सापडले तेव्हा ते स्वतःच रडत होते. शेवटच्या दिवसांत ऐकू येत नसताना रात्री अंधारात आपला हात तिच्या गळ्यावर ठेवायचे, म्हणजे ती बोलते आहे हे तरी हाताला कळावं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. दीड वर्षात आई माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

मी आवाज न करता परत फिरलो. ऑफिसात आलो आणि त्याच दुपारी बेनना पत्र लिहिलं. डॉक्टरांनी तपासलं, हृदय कमजोर आहे म्हणतात, विमानाचा प्रवास आणि सहा महिन्यांचा कोंडवाडा तिला झेपणार नाही, वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची. गुजरातीत लिहिताना मी इतकं काळजीपूर्वक कधीच लिहिलं नव्हतं. विमानातली जागा रद्द केली. घरी येऊन आईला सांगितलं, बेनचं पत्र आलंय, त्या म्हणतात आता तिला इथेच राहू द्या. आईनं मग पदर डोळ्यांना लावला. "देवमानूस शे ती बाई," म्हणाली.

महिन्याभरानं बेनचं उत्तर आलं. अक्षर नेहमीसारखंच होतं. "तिला त्रास देऊ नकोस. माझ्यासाठी तिचा जीव धोक्यात घालायचा नाही. हृदयाला मीठ चांगलं नाही, जेवणात घालू नकोस. तुझ्या आईला माझा नमस्कार." मी पत्र दोनदा वाचलं आणि कागदांच्या तळाशी घातलं. परवान्याची मुदत संपून गेली. मी स्वतःला सांगत राहिलो की सहा महिने पिंजऱ्यात राहण्यापेक्षा हे बरं. ते अगदीच खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच ते धरून राहणं सोपं होतं. बेनची पत्रं येत राहिली. माझी उत्तरं उशिरा जायला लागली, आखूड व्हायला लागली.

तीन वर्षांनी अठव्याचं घर विकायला बेन सुरतेला आल्या. मला कळवलं नव्हतं. एका संध्याकाळी मी घरी आलो तर दारात बाहेरच्या चपला. आत बेन आमच्या खाटेवर बसलेल्या, आई खाली चटईवर, आणि कुत्री बेनच्या पायांवर डोकं ठेवून पडलेली. तिच्या तोंडाभोवती पांढरं झालं होतं. आईचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तिनी वळखं! रिक्षाना आवाज उना, तशीच पयनी." ओळखलं तिनं, रिक्षाचा आवाज आला तशी धावली.

बेन म्हणाल्या, "डॉक्टर काही म्हणोत, भाई. या वयात एवढी धावली. हृदय चांगलं मजबूत आहे हिचं."

आईला गुजराती सगळं कळायचं. ती म्हणाली, "हृदयले काय व्हयनं? डॉक्टर तं चांगली शे म्हने. कागद बी दिन्हा व्हता. तुम्हीनच लिखं ना, आठेच ऱ्हाऊ द्या म्हनीसन." हृदयाला काय झालं, डॉक्टरांनी तर चांगली आहे म्हणून कागद दिला होता, तुम्हीच लिहिलंत ना इथे राहू द्या म्हणून.

बेननी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पिशवी खांद्यावरून काढलीही नव्हती. आईला अजून काही कळलं नव्हतं, ती बेनचं उत्तर ऐकायला मान वर करून बसली होती. बेन तिच्याकडे वळून म्हणाल्या, "हा, बेन. मेंज लख्युं हतुं." हो, मीच लिहिलं होतं. आणि समोरचा चहा उचलून प्यायला लागल्या.

आईनं त्यांना खान्देशी मसाल्याची पुडी बांधून दिली. बेननी कुत्रीच्या मोडक्या कानामागे खाजवलं, फार वेळ नाही. मी त्यांना कोपऱ्यावर रिक्षापर्यंत सोडायला गेलो.  रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या आईसाठी ठेवलीस?"

मी मान हलवली.

"मला विचारायचं होतंस. मी हो म्हटलं असतं."

रिक्षा चालू झाली. मी "बेन" म्हटलं, पण रिक्षाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

घरी आलो तर आई दारात उभी होती. तेवढ्या वेळात तिनं सगळं जुळवलं होतं. तिनं मला विचारलं, मी खरं सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, त्या बाईच्या तोंडावर मला हसत बसवलंस रे. त्या आठवड्यात मी अठव्याला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा बेन वकिलाकडे गेल्या होत्या. दुसऱ्यांदा घराला नव्या मालकाचं कुलूप होतं.

माफीचं पत्र मी कितीदा लिहायला घेतलं त्याची गणती नाही. कधी आईचं कारण पुढे केल्यासारखं वाटायचं, कधी स्वतःला झोडपून घेतल्यासारखं. दोन्ही वाचवत नसे. पुढच्या वर्षी कुत्री गेली. आदल्या रात्री आई तिच्याजवळच बसून होती, सकाळी ती उठलीच नाही. तेव्हा मात्र मी बेनना लिहिलं, आणि त्याच पत्रात बाकीचंही सगळं लिहिलं, कुठे पान भरतंय हे न बघता.

उत्तर आलं ते बेनच्या मुलाचं, इंग्रजीत, टाइप केलेलं. आईची नजर गेली आहे, तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. पत्राच्या दुसऱ्या भागाबद्दल त्यात काही नव्हतं. आईला फक्त एक विचारायचं आहे, असं त्यानं लिहिलं होतं, की शेवटी कुत्रीजवळ कुणी होतं का.

मी लिहिलं, माझी आई होती, रात्रभर. मग पाकीट बंद केलं आणि पोस्टात टाकलं. त्यानंतर लेस्टरहून पत्र आलं नाही.